वजन

सेंट जॉन्सहून बोट यायची पंधरवड्यातून एकदा,
तीही खाडीतला बर्फ फुटल्यावर.
आमच्या गल कोव्हचं पोस्ट म्हणजे
आईच्या स्वयंपाकघरातलं एक कपाट
आणि पत्रं तोलायचा पितळी काटा.

त्या जूनमध्ये एक लहान डबी आली,
राजाच्या शिक्क्याची, एझरा पेलीच्या नावाची.
आईने सवयीने काट्यावर ठेवली.
सव्वातीन औंस. दोऱ्यासकट.

एझरा माचीवर कॉड पालथे घालत होता,
एकाच हाताने. दुसरा खांदा
फ्रान्समधून आला होता, पण नुसता सोबतीला.
हात पुसत आला. वाचता येत नव्हतं त्याला.
आईने चुलीपाशी उभं राहून मोठ्याने वाचलं
आणि दारात एकेक करून सगळी वस्ती जमली.

“…स्वतःच्या जिवाची यत्किंचितही पर्वा न करता
शत्रूच्या मशीनगनसमोरून चार जखमींना
एकामागून एक पाठीवर घेऊन…”

“पर्वा होती,” एझरा म्हणाला.
आई थांबली.
“जिवाची. फार होती. ते चुकलंय त्यांचं.”
कुणीतरी हसलं. पाद्रीबाबांनी खाकरून
पुढे वाचायची खूण केली.
“आणि चार नाही. पाच जणांना उचललं होतं.”

कझाया स्नूक उंबऱ्यातच होती, हातात मिठाचं घमेलं.
तिच्या लेव्हीची तार हिवाळ्यातच येऊन गेलेली.
तो गेला, एवढंच होतं तारेत.
कसा, कुठे, हे सांगायला
शब्दामागे पैसे पडत असणार.

एझरा तिच्याकडे बघत नव्हता. काट्याकडे बघत होता,
रिकाम्या पारड्याकडे.

“निम्म्या वाटेपर्यंत आणला होता.
बोलत होता. होडीला डांबर लावलं का, विचारत होता.
मी म्हटलं, लावलं असेल.
मग बोलायचा थांबला.
डावीकडे खड्ड्यात सार्जंट ब्रीन ओरडत होता,
त्याला पाय नव्हते.
मी लेव्हीला खाली ठेवला.
नीट ठेवला, तोंड वर करून. चिखलात नाही.
ब्रीनला घेतला.
या कागदातला चौथा, तो ब्रीन.”

चुलीवर किटली उकळून उकळून आटत होती,
कुणी उतरवत नव्हतं.
मी नऊ वर्षांची. मला वाटलं,
आता कझाया रडेल, नाहीतर मारेल त्याला.

तिने विचारलं, “जड होता?”

पाद्रीबाबा काहीतरी बोलू लागले, क्रूस वगैरे.
एझराला मात्र प्रश्न कळला होता.
“नाही. ओल्या जाळ्याएवढाही नव्हता.”

कझायाने घमेलं खाली ठेवलं.
“इथून गेला तेव्हा त्याने पाय ठेवला
की होडी कलायची एका अंगाला.”
मग जरा वेळाने, कुणालाच नाही असं,
“म्हणजे पोटाला घालत नव्हते तिथे.”

डबी तिनेच उघडली.
रेशमी फीत, चांदीचा वाटोळा तुकडा, राजाचं मुंडकं.
एझराचा स्वेटर मुठीत धरून तिने ते टोचलं,
चुकीच्या बाजूला, निकामी खांद्याखाली,
आणि कुणी सांगितलं नाही की बाजू चुकली.
बोटांना मीठ होतं तिच्या.
पुढे चांदी काळवंडली ती तिथूनच,
दोन ठसे, एक अर्धवट.
एझराने ती कधी घासली नाही,
रविवारीसुद्धा.

पण ते नंतरचं.
त्या दिवशी पश्चिमेकडून धुकं येताना दिसलं
आणि निम्मे मासे अजून पालथे घालायचे होते.
सगळे माचीवर गेले, कझायासुद्धा.
पदक काढायचं राहूनच गेलं.
एझरा वाकला की ते फळीवर वाजायचं,
तो सरळ झाला की थांबायचं.
अंधार पडेपर्यंत मी खिडकीतून ऐकत होते.